लढाऊ विमानांची मॉडेल्स: प्रत्येक डागाला कारण हवं

उलटा_पंख (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हल्ली पूर्ण झालेल्या मॉडेल्सचे फोटो पाहताना एक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली आहे. विमान स्पिटफायर असो, मेसरश्मिट असो की हेलकॅट, मळ सगळ्यांना सारखाच लागलेला. प्रत्येक पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्याची रेघ) काळीकुट्ट, प्रत्येक पॅनलचा मधला भाग फिकट, पंखांच्या पुढच्या कडेला चंदेरी टवके आणि पोटाखाली तेलाचे ओघळ. हात सफाईदार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण खालची पाटी झाकली तर हे विमान वाळवंटात होतं की विमानवाहू जहाजावर, दोन आठवडे जुनं होतं की दोन वर्षं, काही म्हणजे काही कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की डाग काढण्याआधी तो कुठून आला आणि कोणत्या क्रमाने आला हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर ब्रश खाली ठेवावा.

सध्या टेबलावर १/४८ प्रमाणातलं (खऱ्याच्या एक अठ्ठेचाळीसांश) स्पिटफायर मार्क ९ आहे, जून १९४४ मधलं. ओशन ग्रे आणि डार्क ग्रीन वर, मीडियम सी ग्रे खाली, असा नेहमीचा थाट. आता या विमानावर काय काय असायला हवं ते बघू.

वैमानिक डावीकडून चढतो, कारण कॉकपिटचं खाली उघडणारं दार डावीकडेच आहे. म्हणजे पंखाच्या मुळाशी बुटांनी घासलेला भाग डावीकडे जास्त. उजवीकडेही मेकॅनिक चढतात, पण दोन्ही बाजू आरशात बघितल्यासारख्या सारख्या झिजणार नाहीत. इंधनाची टाकी कॉकपिटच्या पुढे, तिचं झाकण विंडस्क्रीनच्या पुढे वरच्या अंगाला. भरताना सांडलेलं इंधन जमिनीवर उभ्या विमानावरून ओघळतं, म्हणजे धडाच्या कडेने खाली, आणि शेपूट जमिनीला टेकलेली असल्यामुळे किंचित मागे. उलट उडताना गळलेलं तेल वाऱ्याबरोबर सरळ मागे जातं. एकाच विमानावर दोन दिशांचे ओघळ असतात ते यामुळे. सगळे ओघळ एकाच दिशेने ओढलेले दिसले की समजावं, विचार न करता ओढलेत.

बंदुकांचं तर फारच गमतीशीर आहे. पंखातल्या .३०३ ब्राउनिंगच्या तोंडांवर लाल कापडाचे तुकडे चिकटवत, आत धूळ-ओल जाऊ नये आणि उंचावर बंदूक गोठू नये म्हणून. पहिल्याच गोळीला ते फाटतात. आणि मॉडेलवर बघावं तर लाल तुकडे अगदी अखंड, आणि त्यांच्याच मागे काजळीचे लांबच लांब फराटे! गोळ्या झाडल्या असतील तर तुकडे फाटलेले दाखवा, नसतील तर काजळी पुसा.

शेवटचं म्हणजे काळे-पांढरे आक्रमणाचे पट्टे. ६ जूनच्या (नॉर्मंडीवरच्या आक्रमणाच्या) आधीच्या एक-दोन दिवसांत ते घाईघाईने मारले गेले, पुष्कळ ठिकाणी हाताने, ब्रशने. एका इंजिनाच्या लढाऊ विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, म्हणजे १/४८ मध्ये साडेनऊ मिलिमीटर. मास्किंग टेप लावून त्यांच्या कडा वस्तऱ्याने कापल्यासारख्या काढण्यात अर्थ नाही. पण त्याहून महत्त्वाचं असं, की पट्टे हा विमानावरचा सगळ्यात ताजा रंग आहे. खालचा करडा-हिरवा उन्हापावसात विटलेला आणि वरचे पट्टे कोरे करकरीत. अख्ख्या विमानावर शेवटी एकच मातकट वॉश (अगदी पातळ रंगाचा हात) फिरवला की हा काळाचा फरक पुसला जातो.

तर तुम्ही काय करता? फोटो बघून मळवता, की हाताला येईल तसं?

वाचनमात्र

वाचनखूण साठवली आहे. मी फक्त विमानं पाहणाऱ्यातला, बनवणाऱ्यातला नाही, पण लाल तुकड्यांचं माहीत नव्हतं. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

स्प्रूतला तुकडा

लेख उत्तम. एक शंका: लाल तुकडा नवा लावला असेल आणि काजळी आधीच्या उड्डाणाची असेल तर? रोजच्या रोज कोण पुसत बसणार?

उलटा_पंख

@स्प्रूतला तुकडा, बरोबर पकडलंत. तसं होऊ शकतं. पण मग तुकडा स्वच्छ, कडक लाल आणि त्यामागची काजळी पुसट, फडकं फिरवलेली अशी दिसेल. म्हणजे कारण दिलंत की डागाचं रूपही बदलतं. माझा मुद्दा तोच आहे. आणि पंखाच्या खालच्या अंगाला काडतुसं बाहेर पडायची छिद्रं आहेत, तिथे काजळी बिनधास्त दाखवा. तिथे कापड वगैरे काही नसतं.

राखाडी छटा

धागा आवडला, पण निम्मा पटला नाही.

मॉडेल हे विमान नाही, विमानाचं चित्र आहे. खऱ्या विमानावर ऊन पडतं, रिव्हेटच्या ओळींत आणि पत्र्याच्या उंचसखलपणात सावल्या पडतात, दुरून बघताना मधल्या हवेने रंग थोडे निवतात. तुमचं १/४८ चं मॉडेल खोलीतल्या दिव्याखाली हातभर अंतरावर असतं. त्यावर ओशन ग्रे डबीतून काढून सरळ फवारला तर ते प्लॅस्टिकचं खेळणं दिसतं, कितीही बरोबर असलं तरी. प्रीशेडिंग (मूळ रंगाआधी रेघांवर गडद रंग), पॅनलचा मधला भाग उजळणं, फिल्टर (सगळ्यावर अगदी पातळ छटा), हे सगळं ती हरवलेली सावली परत आणायचे मार्ग आहेत. चित्रकाराने गालाखाली निळसर छटा दिली तर तुम्ही त्याला विचारता का, की हा डाग कुठून आला?

मूळ रंगात १० ते १५ टक्के फिकट करडा मिसळायचा आडाखा जुने लोक देतात, १/७२ ला जास्त, १/३२ ला कमी, तो काय उगाच? तोही खोटेपणाच की. पण कामाचा खोटेपणा.

बाकी सगळ्यांना एकाच साच्यातून काढू नये, याला पूर्ण अनुमोदन.

उलटा_पंख

राखाडीजी, सावलीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो प्रत्येक रेघेला सारखी सावली द्यायला. थोडं गणित करू. किटमधली ०.१५ मिमीची रेघ म्हणजे १/४८ मध्ये खऱ्या विमानावर सात मिलिमीटरची फट. १/७२ मध्ये जवळजवळ अकरा. पत्र्याला पत्रा जोडताना कोणताही कारखाना एवढी फट ठेवणार नाही. म्हणजे मुळातच अतिशयोक्त असलेल्या रेघेत आपण वरून काळी शाई ओततो.

टवक्यांचंही तेच. ब्रशच्या टोकाने सहज पडणारा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका १/७२ मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा होतो. असे पन्नास ठिपके एका पंखावर म्हणजे विमान गारपिटीतून आलंय.

मी रेघा तीन प्रकारच्या धरतो. आयलरॉन, फ्लॅप, रडर या पंख-शेपटीच्या हलत्या भागांच्या कडेला खरोखरच फट असते, आरपार. तिथे गडद तपकिरी-काळा. इंजिनावरची झाकणं, दारूगोळ्याची दारं हे रोज उघडलं-मिटलं जातं, कडांत तेल-धूळ बसते. तिथे मध्यम तपकिरी, आणि स्क्रूभोवती बारीक टवके, कारण स्क्रूड्रायव्हर सटकतो. आणि तिसरे कायमचे रिव्हेट मारलेले सांधे. तिथे मूळ रंगाचीच एक छटा गडद, बस. या तीन पायऱ्या ठेवल्या की काळी शाई न ओतताही विमान उठून दिसतं, आणि बघणाऱ्याला न सांगता कळतं की काय उघडतं, काय हलतं.

राखाडी छटा

तीन पायऱ्यांचं मान्य. चोरणार आहे.

मी स्वतः आता पॅनलच्या रेघांवर प्रीशेडिंग करत नाही. काळ्या प्राइमरवर (रंगाखालच्या पहिल्या थरावर) मूळ रंगाचे अगदी पातळ, वेडेवाकडे ठिपके-नागमोडी रेघा भरत जातो, काही जागी दाट, काही जागी विरळ, आणि शेवटी सगळ्यावर त्याच रंगाचा एक पातळ पडदा. रंग जिवंत दिसतो आणि बुद्धिबळाचा पट होत नाही. वेळखाऊ आहे. दोन रंगांच्या कॅमोफ्लाजला दुप्पट वेळखाऊ.

नवशिका००७

मोठ्यांच्या गप्पांत मध्येच बोलतोय, माफी असावी. एअरब्रश नवीनच घेतलाय. कधी रंग खडबडीत, सँडपेपरसारखा बसतो, कधी कोळ्यासारखे पाय फुटून पसरतो. शिवाय कोणत्या थरावर कोणता थर हे डोक्यात बसत नाही. ॲक्रिलिकवर एनॅमल चालतं म्हणतात, मग एनॅमलवर ॲक्रिलिक का नाही? कुणी सविस्तर सांगेल का?

घासकागद

नवशिकाभाऊ, माफी कसली, याच प्रश्नांसाठी धागे असतात.

आधी खडबडीचं. रंग हवेतच वाळून मग मॉडेलवर पडतोय. दाब जास्त आहे, अंतर जास्त आहे किंवा थिनर (रंग पातळ करायचा द्रव) कमी आहे. कोळ्याचे पाय फुटतात ते याच्या उलट: रंग फार पातळ आणि एअरब्रश फार जवळ. ०.३ मिमीच्या सुईला साधारण १५ ते १८ पीएसआय (हवेचा दाब), आठ-दहा सेंटिमीटर अंतर आणि दुधाइतका पातळ रंग, इथून सुरुवात करा. बारीक काम, म्हणजे मेसरश्मिटच्या धडावरचे ठिपके वगैरे, करायचं तर दाब १०-१२ वर आणा, रंग आणखी पातळ करा आणि दोन-तीन सेंटिमीटरवर या. दाब कमी केला आणि रंग तेवढाच दाट ठेवला तर थुंकल्यासारखं होतं. दोन्ही बरोबर बदलायचं.

थरांचा क्रम: प्राइमर, मूळ रंग, ग्लॉस क्लिअर (चकचकीत पारदर्शक थर), डिकल (पाण्याने बसवायची छापील चिन्हं), त्यावर पुन्हा ग्लॉसचा हलका हात, मग वॉश, मग ऑइल रंगांचं काम, मग मॅट (बिनचमकीचा) किंवा सॅटिन (अर्धवट चमकीचा) क्लिअर, आणि अगदी शेवटी धूर आणि धूळ.

याच्या मागे रसायन आहे. लॅकर या रंगप्रकाराचं थिनर सगळ्यांत जहाल, ते ॲक्रिलिकही उचलतं आणि एनॅमलही. एनॅमल आणि ऑइलला लागणारं व्हाइट स्पिरिट मवाळ. नीट वाळलेल्या लॅकरला किंवा ॲक्रिलिकला ते हात लावत नाही. म्हणून जहाल खाली, मवाळ वर. ॲक्रिलिकच्या ग्लॉसवर एनॅमलचा वॉश घातला आणि उरलेला व्हाइट स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, तर खालचं सगळं सुरक्षित राहतं. हेच मूळ रंग एनॅमलचा असताना मधे क्लिअर न देता केलंत, तर वॉशबरोबर कॅमोफ्लाजही बोळ्यावर येतो. एनॅमलवर ॲक्रिलिक अजिबात चालत नाही असं नाही, पण एनॅमल आतून वाळायला फार वेळ घेतं. वरचा थर आधी आकसला की तडे जातात.

आणि सगळे ॲक्रिलिक एक नव्हेत. टामियाचे रंग अल्कोहोलवर्गी थिनरचे आहेत. टामियाच्याच एक्स-२०ए थिनरमध्ये चालतात, मिस्टर कलरच्या लेव्हलिंग थिनरमध्ये तर फारच सुंदर बसतात. व्हॅलेहो खरं पाण्यावरचं. त्यात लॅकर थिनर घातलंत तर कपात दह्यासारखं फाटेल. त्याला त्याचंच थिनर आणि थोडं फ्लो इम्प्रूव्हर, कारण ते सुईच्या टोकावर वाळून बसतं.

लॅकर फवारताना ऑरगॅनिक व्हेपर काडतुसांचा मास्क लावा. कापडी मास्कने धूळ अडते, वाफ नाही. खिडकी उघडी ठेवणं पुरेसं नाही.

नवशिका००७

घासकागदजी, दंडवत! हे सगळं प्रिंट काढून टेबलासमोर लावतो. आणखी एक: डिकलखाली चंदेरी चकाकी राहते, ती कशाने?

घासकागद

अडकलेली हवा. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, डिकल त्याच्या टोकांवर तरंगतं. आधी ग्लॉस, खाली मायक्रो सेट, वर मायक्रो सोल (दोन्ही डिकल बसवायचे द्रव). सोल लावल्यावर डिकल सुरकुतेल, घाबरून बोट लावू नका, वाळताना आपोआप ताणून बसतं. तरीही चकाकी राहिली तर सुईने टोचून पुन्हा सोल.

लाकडी बाण

चंदेरी टवक्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या लाडक्या मॉस्किटो विमानाबद्दल दोन शब्द. धड बाल्सा आणि प्लायवूडचं, पंख लाकडी, वरून कापड चिकटवून रंगवलेलं. त्याच्या पंखावर ॲल्युमिनियमचे टवके पाहिले की मला अक्षरशः हसू येतं. कुठून आलं हे ॲल्युमिनियम? इंजिनांची आवरणं धातूची आहेत, तिथे काढा हवे तेवढे.

अशी आणखी यादी आहे. हरिकेनचं धड कॉकपिटच्या मागे कापडी. स्पिटफायरचं रडर कापडी. कोर्सेअर एफ४यू-१ च्या बाहेरच्या पंखांचा मुख्य स्पारमागचा (पंखातल्या तुळईमागचा) भाग कापडी, हे तर भल्याभल्यांना माहीत नसतं. आणि स्पिटफायरवर पुष्कळदा रोटॉलचे प्रोपेलर असत, त्यांची पाती दाबून केलेल्या लाकडाची. पात्यांच्या कडा चांदीच्या पेन्सिलीने रंगवण्याआधी प्रोपेलर कोणता आहे ते बघा. डी हॅविलंडचा असेल तर पाती धातूची, मग खुशाल रंगवा.

धागाकर्त्यांनी कारण विचारायला सांगितलं, मी म्हणतो त्याआधी पत्रा आहे का ते विचारा.

उलटा_पंख

लाकडी बाण, रोटॉलचं बरं झालं आठवण केलीत. माझ्या विमानाची पाती लाकडीच आहेत. पिवळी टोकं चार इंचांची, म्हणजे दोन मिलिमीटरच्या वर थोडी. एवढंसं असतं, पण ती जाड झाली की प्रोपेलर लगेच खेळण्यातला वाटतो.

मृदगंध

इथे सगळे टवक्यांच्या विरोधात दिसताहेत, म्हणून मी जपानी विमानांची बाजू मांडते. :)

जपानी लष्कराची पुष्कळ विमानं कारखान्यातून उघड्या धातूची निघत आणि हिरवा रंग नंतर, प्राइमर न देता, थेट पत्र्यावर फवारला जाई. तो सालपटं निघाल्यासारखा निघायचा. कावासाकी की-६१ चे फोटो बघा; काहींवर रंग जास्त की पत्रा, हे ठरवणं कठीण. इथे अतिशयोक्ती करूनसुद्धा खऱ्याच्या मागेच राहतो आपण. मात्र पॅटर्न बघा: ज्या पॅनलवर सतत पाय पडतात किंवा जे उघडतात तिथे अख्खा तुकडाच गेलेला, आणि शेजारचं पॅनल जवळजवळ शाबूत. आणि आयलरॉन-रडर कापडी, म्हणून तिथे रंग टिकलेला. चारही बाजूंनी टवके आणि मधे रडर स्वच्छ, हा फरकच डोळ्यांत भरतो.

यासाठी हेअरस्प्रेसारखं दुसरं काही नाही. आधी चंदेरी लॅकर, ते पूर्ण वाळू द्यायचं. त्यावर साध्या हेअरस्प्रेचे दोन हलके हात. मग टामियाचा हिरवा, पातळ करून, एकाच हाताने. जाड थर दिला तर पाणी आत शिरत नाही. वीस-तीस मिनिटांनी साध्या पाण्याने तेवढा भाग ओला करायचा आणि मिनिटभर थांबायचं. काही होत नाहीये असं वाटतं. मग आखूड केलेल्या ताठ ब्रशने रेघेच्या कडेला टोचलं, की रंगाखाली पाणी सरकताना दिसतं, कड किंचित उचलते आणि नखाएवढा तुकडा वाकडातिकडा फाटून निघतो. त्या फाटलेल्या कडेची नक्कल ब्रशने रंगवून होत नाही, कितीही बारीक हात असो. हवं तेवढं निघालं की लगेच पुसून कोरडं करा आणि वाळल्यावर क्लिअर मारून बंद करा, नाहीतर पुढच्या डिकलच्या पाण्यानेही सुटत राहील.

दोन दिवस ठेवून मग खरवडायला घेतलं तर पॅटर्न बदलतो, ओरखडे जास्त आणि सालपटं कमी येतात. तेही कधीकधी हवं असतं.

मीठ टाकायची जुनी पद्धत मी टवक्यांपेक्षा विटलेल्या रंगासाठी वापरते. ओल्या पृष्ठभागावर बारीक-जाड मीठ, वाळल्यावर त्यावर मूळ रंगाची फिकट छटा धुक्यासारखी, मग मीठ झटकून टाकायचं. पॅसिफिकमधल्या अमेरिकी नौदलाच्या निळ्या रंगाला ते छान शोभतं. उन्हाने तो डागाडागांनी खडूसारखा पांढुरका व्हायचा.

लाकडी बाण

मृदगंधताई, हे वेगळा धागा काढण्याजोगं आहे. काढाच.

कोर्सेअरचं नाव निघालं होतं तर अवांतर: कॉकपिटच्या पुढे इंधनाची टाकी, आणि त्यावरच्या पत्र्याच्या सांध्यांतून इंधन झिरपायचं. मग मेकॅनिक त्या सांध्यांवर पांढरी टेप मारत. फोटोंत पुष्कळ एफ४यू-१ वर ती दिसते. काहीजण ती खुणेची पट्टी समजून डिकलसारखी नीटनेटकी, दोन्ही बाजूंना सारखी काढतात. ती टेप आहे, तिरपी-वाकडी लागलेली, कडा मळलेल्या.

स्प्रूतला तुकडा

मस्टँगबद्दल कुणी सांगेल का? पी-५१डी, चंदेरी. काळ्या ग्लॉसवर ॲल्क्लॅड (धातूसारखा दिसणारा रंग) मारून सगळं विमान चकाचक करायचा विचार आहे.

घासकागद

थांबा! सगळं नको. मस्टँगचा पंख हवा सुरळीत वाहावी म्हणून खास घडवलेला. त्याच्या पुढच्या साधारण ४० टक्के भागातले सांधे आणि रिव्हेट कारखान्यात पुटीने भरून, घासून गुळगुळीत करत आणि पंखावर ॲल्युमिनियमचा रंग मारत. म्हणजे धड उघड्या धातूचं आणि पंख चंदेरी रंगाचे. दिसायला दोन्ही वेगळे, पंख मवाळ आणि एकसारखे. धडावर ॲल्क्लॅड, दोन-तीन छटांत. पंखांवर टामियाचा ॲल्युमिनियम रंग एक्सएफ-१६ किंवा तत्सम. आणि पंखाच्या पुढच्या भागातल्या त्या देखण्या रिव्हेटच्या ओळी, ज्या किटवाल्यांनी मेहनतीने कोरल्यात, त्या पुटीने बुजवायच्या. दारूगोळ्याच्या झाकणांची रेघ तेवढी राहू द्या, ती उघडतात.

कोरलेले रिव्हेट बुजवताना जीव वर-खाली होतो, पण त्यानंतर पंख बघा.

स्प्रूतला तुकडा

बुजवायचे?? कोरलेले??

घासकागद

हो. दोन हात सरफेसर (बारीक खड्डे भरणारा प्राइमर), मग १००० नंबरचा पेपर, पाण्यात भिजवून.

जेटलॅग

सगळे प्रोपेलरवाले जमलेत, म्हणून जेटवाल्यांतर्फे हजेरी.

अमेरिकी नौदलाचं एफ/ए-१८ घ्या. वर एफएस ३६३२०, खाली ३६३७५ (अमेरिकी सरकारी रंगक्रमांक), दोन्ही करडे, दोन्ही निस्तेज. कोरं रंगवलं तर कंटाळवाणं. पण इथे मळाचं कारण पॅनल लाइन नाही, मीठ आहे. जहाजावर महिनोन् महिने खाऱ्या हवेत राहिलेल्या विमानावर गंज दिसला की तेवढी जागा घासून तिथे ताजा रंग मारतात, ब्रशने, रोलरने, जे हाताशी असेल त्याने. तो ताजा करडा जुन्या विटलेल्या करड्याशी जुळत नाही. मग विमान ठिगळांचं होतं. ठिगळं कुठे? झाकणांच्या कडांना, स्क्रूंच्या ओळींवर, जिथे पाणी मुरतं तिथे. पॅनलच्या मधोमध नव्हे. म्हणजे प्रीशेडिंगवाल्यांच्या नेमकं उलट: इथे रेघेलगत स्वच्छ आणि मधे मळकट असंही दिसतं!

आणखी एक, पाठीवर बुटांचे ठसे. चालायच्या जागा ठरलेल्या, त्यामुळे ठशांचे रस्ते तयार होतात. पातळ तपकिरी-करड्या ऑइलचे ठिपके आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने पुसणं. हायड्रॉलिक तेल लालसर असतं, त्याचा डाग काळा काढू नये.

त्याच स्क्वाड्रनचं तेच विमान मोहिमेवर निघण्याआधी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. म्हणून फोटोची तारीख बघा, नुसता क्रमांक नको.

राखाडी छटा

तारखेवरून आठवलं, फोटोंवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. युद्धकाळातले बरेच काळे-पांढरे फोटो ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर आहेत. तिला लाल दिसत नाही आणि पिवळाही गडद येतो. ब्रिटिश विमानांवरच्या गोल चिन्हातलं बाहेरचं पिवळं कडं काही फोटोंत जवळजवळ काळं दिसतं ते त्यामुळे. हे ठाऊक नसलं तर ‘इथे रंग बदललाय, इथे मळ आहे’ असे निष्कर्ष निघतात.

आणि संग्रहालयातली विमानं रंग-मळासाठी संदर्भ म्हणून बघूच नका. चाकांच्या विहिरी, नळ्या, तारा यांसाठी उत्तम, पण बाहेरचा रंग पुनर्रंगवलेला, अनेकदा चकचकीत आणि भलत्याच छटेचा.

नवशिका००७

एक्झॉस्टचा धूर कसा काढायचा? माझा नेहमी काळा पट्टा होतो.

उलटा_पंख

कारण काळा रंग वापरताय म्हणून. :) इंधनात शिसं असायचं. इंजिन कमी इंधनावर, निवांत वेगाने चालवलं की मागे पडतो तो फिकट करडा-तपकिरी राखेसारखा थर. जास्त इंधनावर, म्हणजे उड्डाण घेताना वगैरे, काळी काजळी. त्यामुळे लांब गस्तीची विमानं, लँकेस्टरसारखे बॉम्बर यांच्या पंखांवर फिकट पट्टे ठळक दिसतात.

माझी पद्धत अशी. टामियाचे एक्सएफ-१ काळा आणि एक्सएफ-६४ तांबूस तपकिरी समान, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त थिनर. कपात बघितलं तर घाणेरडं पाणी वाटलं पाहिजे. दाब १० ते १२. एक्झॉस्टपासून मागे एक फिरवणी. काहीच उमटत नाही. दुसरी, तिसरी, अजून नाही. मग एका फिरवणीला अचानक दिसायला लागतं, तिथेच थांबायचं. हे महत्त्वाचं, कारण ओल्यापेक्षा वाळल्यावर जास्त दिसतं. मग त्याच्या आत, अरुंद, एक्सएफ-५७ बफचा तसाच पातळ फवारा, एक्झॉस्टच्या थोडं मागून सुरू करून. कडा गडद, गाभा फिकट.

आणि दिशा. स्पिटफायरच्या सहा नळ्यांचा धूर धडाला चिकटून, पंखाच्या मुळावरच्या वळणाबरोबर वाहतो. सरळ पट्टी लावल्यासारखा मागे जात नाही. धड-पंख जोडाच्या वळणावर हात थोडा खाली झुकवा.

राखाडी छटा

त्या धुरावर शेवटी मॅटचा हात देऊ नका. मॅटमधली पांढुरकी झाक नाजूक छटा खाते. मी तर युद्धकाळातल्या बहुतेक विमानांना सॅटिनच देतो, पूर्ण मॅट क्वचित. ऑइलच्या कामाच्याही आधी सॅटिन. ग्लॉसवर ऑइल घसरतं, मॅटवर चिकटून बसतं.

ऑइल रंगांसाठी एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही: ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून तासभर तरी ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषतो. तसाच वापरलात तर चकाकी राहते आणि वाळता वाळत नाही. ठिपके अगदी टाचणीच्या डोक्याएवढे, पांढरा, बफ, थोडा निळा. मग व्हाइट स्पिरिटने जेमतेम दमट केलेला चपटा ब्रश वरून खाली किंवा वाऱ्याच्या दिशेने. ब्रश ओला असेल तर सगळं पुसून जातं.

जेटलॅग

उलटाराव, एक राहिलं. तुमच्या स्पिटफायरच्या पोटाखाली ती चपटी जादा टाकी लावणार आहात का? लावलीत तर ती किती मळवणार?

उलटा_पंख

लावणार, ४५ गॅलनची. आणि मळवणार नाही. ती वापरून फेकून द्यायची वस्तू, बहुतेकदा नवीच. पोट तेलाने माखलेलं आणि त्यावर स्वच्छ करडी टाकी, फक्त भरताना सांडलेल्या इंधनाचा एक ओघळ. टाकी वेगळीच रंगवतोय आणि सगळा वॉश, धूर उरकल्यावर चिकटवणार. तिच्यामागे पोटावर तेल कसं वळत असेल, याचा एखादा नीट फोटो कुणाकडे असेल तर इथे टाका.

मृदगंध

माझ्याकडे मागून, खालच्या कोनातून घेतलेला एक आहे, पण मार्क ५ चा. चालेल?

उलटा_पंख

पळेल.